मुळांचा श्वास

गोवर्धन मास्तरांनी पार्बताबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेची प्रार्थना चालू असताना. सगळी शाळा हात जोडून, डोळे मिटून उभी होती. मास्तर नोकरीवर नवे, त्यामुळे त्यांचे डोळे अर्धे उघडेच होते. पटांगणाच्या टोकाला, विहिरीपलीकडे संत्र्याची बावीस झाडं होती. त्यांतल्या एकाच्या बुंध्याशी एक बाई उकिडवी बसली होती. तिनं मातीत कोपरापर्यंत हात घातला, आतली मूठभर काळी माती वर काढली आणि नाकाशी धरून हुंगली. मग ती दुसऱ्या झाडाकडे सरकली आणि तिथलीही माती हुंगली.

संध्याकाळी मास्तरांनी घरी हसत सांगितलं, "शाळेची माळीण माती हुंगते."

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई भाकर थापत होत्या. त्या म्हणाल्या, "मी नाही का खरबूज हुंगून घेत? तिलाही काही कळत असेल."

मास्तरांना ते उत्तर फारसं आवडलं नाही. ते बी.एस्सी. झालेले होते आणि अमरावतीच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेले होते. वडील धामणगाव रेल्वे या गावी एका अडतीत दिवाणजी. धान्याची पोती मास्तरांनी जन्मभर पाहिली होती, पण ते धान्य ज्या मातीतून येतं तिच्यात कधी पाय घातला नव्हता. सदतीस साल चालू होतं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, शाळांचे हुकूम नागपूरहून यायचे आणि थंडीत डिप्टीसाहेब तपासणीला यायचे. मास्तरांची नेमणूक एक वर्षाची होती. तपासणी चांगली झाली तर कायम, नाहीतर पुन्हा अर्ज.

पार्बताबाई अकोल्याच्या जुन्या शहरातली, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांच्या घरातली. तिचा नवरा नत्थुजी या शाळेत माळी होता. बावीस झाडं त्यानंच लावलेली. तो तापानं गेला तेव्हा शाळेनं त्याच्या जागी तिला ठेवून घेतलं आणि विहिरीजवळची खोली तिच्याकडेच राहू दिली. एक मुलगी, जमुना, अकोल्यालाच दिलेली. बाई अंगानं किडकिडीत, आवाजानं भरदार. हेडमास्तरांशी आणि पाचवीतल्या पोराशी ती एकाच सुरात बोलायची. तिचा एक नियम होता: खाली पडलेलं फळ पोरांचं, झाडावरचं शाळेचं. पोरं झाड हलवून फळ पाडायची, तेव्हा ती म्हणायची, "पडलं का पाडलं? माया तोंडाकडं पाहून सांग." आणि पोरगं खरं बोललं तर फळ त्याला देऊन टाकायची.

मार्गशीर्षात एके सकाळी मास्तर बागेकडे गेले आणि जागीच थबकले. झाडांची पानं मलूल होऊन खाली लोंबत होती. बुंध्याभोवतीची माती उकरून बाजूला केलेली, आणि मुळं उघडी पडलेली होती. बावीसच्या बावीस झाडांची तीच गत.

"पार्बताबाई, हे काय करून ठेवलं?"

"ताण देल्ला."

"पाणी कधीपासून बंद आहे?"

"पंधरा-वीस रोज झाले. अजून आठ-दहा रोज जाऊ द्या. मंग शेनखत टाकीन, माती चढवीन, आन् पानी देईन. माघात फूल पायजा तुमी."

"आणि मुळं अशी उघडी?"

"दम खाऊन राहिले ते. ही काळी माती पानी धरून ठेवते, सोडत नाई. वर्षभर मुळाचा जीव कोंडते. दम नसला तं खत समोर असलं तरी झाड खात नाई, मास्तर. ताट वाढलेलं आन् मानूस गुदमरून राहिला, तसं होते."

मास्तर हसले. "मुळाला नाक कुठं असतं, बाई?"

"नाक नाई. पन दम लागते," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

तेवढ्यावर राहिलं असतं तर फार बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात मुळांचा धडा होता. समईतली वात जसं तेल ओढते तसं मूळ पाणी ओढतं, त्या पाण्यात विरघळलेले क्षार आपोआप वर चढतात, आणि पाणी जितकं जास्त तितकं झाडाला अन्न जास्त, असं मास्तरांनी समजावून सांगितलं. वर्ग पेंगत होता. त्याला जागं करायला ते म्हणाले, "आपल्या पार्बताबाईंचं मत मात्र वेगळं आहे. मुळं श्वास घेतात." आणि खडू घेऊन त्यांनी फळ्यावर एक मूळ काढलं, त्याला मोठं नाक काढलं, नाकपुड्याही काढल्या. वर्ग खदखदून हसला. पार्बताबाई तेव्हा व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालत होती. ती खिडकीशी थांबली. फळ्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं, मग झारी उचलली आणि पुढच्या कुंडीकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला नाकवाली म्हणू लागली. मास्तरांच्या कानावर ते येत होतं. त्यांनी एकदाही कोणाला टोकलं नाही.

हेडमास्तर खुशालराव यांनी त्यांना बोलावून सांगितलं, "जानेवारीच्या मध्याला डिप्टीसाहेब येताहेत. बाग अशी मेल्यासारखी दिसून चालायची नाही. विषय तुमचा आहे, तुम्ही पाहा."

मास्तरांनी पाहिलं. त्यांनी त्या दिवशीच मुळं बुजवून घेतली. दोन वर्गांची पोरं लावून विहिरीचं पाणी बुंध्यांभोवतीच्या आळ्यांत भरलं, आणि ते जिरायच्या आत दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. अमोनियम सल्फेटचं पोतं आणवून प्रत्येक झाडाला ओंजळ-ओंजळ घातलं. पार्बताबाई म्हणाली, "यंदा फळ नाई आलं तरी चालन, पन आळ्यात पानी उभं ठेऊ नका." मास्तरांनी लक्ष दिलं नाही. एका सकाळी पाहतात तर आळ्यांचे काठ फोडून कोणीतरी पाणी वाहून जाऊ दिलेलं. ते कोणी केलं हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी सगळ्या पोरांसमोर तिला बोलावलं. "या शाळेत विज्ञान कोण शिकवतं, बाई? तुम्ही की मी?"

"तुमी," ती म्हणाली. हातातलं खुरपं तिनं विहिरीच्या काठावर ठेवलं आणि खोलीकडे निघून गेली. संत्र्यांना तिनं त्यानंतर हात लावला नाही.

तपासणी उत्तम झाली. काठोकाठ भरलेल्या आळ्यांत डिप्टीसाहेबांना झाडांची प्रतिबिंबं दिसली. त्यांनी बागेचं कौतुक केलं, मास्तरांचा पाठ ऐकला आणि शेरा लिहिला. महिन्याभरात मास्तर कायम झाले.

झाडं मात्र पिवळी पडू लागली. मास्तरांना वाटलं, भुकेली आहेत. त्यांनी आणखी सल्फेट घातलं, आणखी पाणी घातलं. झाडं आणखी पिवळी पडली. फाल्गुनात आळ्यांतून आंबूस वास येऊ लागला. तो घ्यायला वाकावंही लागत नव्हतं. बुंध्यांतून डिंक वाहिला, साल सुटली. चैत्र संपेपर्यंत बावीसपैकी तेरा झाडं वाळून उभी राहिली.

खुशालरावांनी शिक्षकांच्या खोलीत विषय काढला. "त्या बाईनं मुळं उघडी टाकली होती. मी स्वतः पाहिली आहेत." मग ते मास्तरांकडे वळले. "तुम्ही सांगा. मुळं अशी उघडी पडली तर झाड मरतं ना?"

मास्तरांना आठवलं की मुळं बुजवून चार महिने झाले आहेत. आळी कोणी भरली, सल्फेट कोणी घातलं, तेही आठवलं. खोलीत आणखी सात माणसं होती आणि सातही त्यांच्याकडे पाहत होती.

"मरू शकतं," ते म्हणाले.

तेवढंच ते बोलले. पुस्तक काढून पाहिलं असतं तर ते वाक्य खोटं ठरलं नसतं, आणि नेमक्या याच गोष्टीची त्यांना पुढं सर्वांत जास्त लाज वाटली. सरळ खोटं बोलण्याइतकीही हिंमत त्यांनी दाखवली नव्हती.

वऱ्हाडात गडीमाणसांचं वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं. अखाजीला पार्बताबाईला जागा सोडायला सांगितलं. हेडमास्तर त्या दिवशी नव्हते, म्हणून खोलीची किल्ली द्यायला ती मास्तरांकडे आली. डोक्यावर ट्रंक, हातात गाठोडं.

"किल्ली घ्या."

मास्तरांनी हात पुढं केला. किल्लीकडे पाहतच राहिले, वर पाहिलं नाही. फाटकाची कडी वाजली तेव्हा त्यांनी मान वर केली.

तीन वर्षं गेली. मास्तर विहिरीच्या बाजूनं जायचं टाळू लागले, पटांगणाला लांबचा वळसा घालू लागले. दुर्गाबाईंनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

एकेचाळीस साली त्यांचा जुना वर्गमित्र भगवंत अमरावतीच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आला. एका रविवारी तो चहाला आला असता परदेशी मासिकात वाचलेलं सांगू लागला. मुळांचे तुकडे क्षाराच्या पाण्यात ठेवले आणि पाण्यातून हवा सोडली, तर मुळाच्या पेशींत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट क्षार साठतो. हवा बंद केली की साठणं बंद. बर्फात ठेवलं तरी बंद. आणि क्षार आत जात असताना मुळातली साखर भराभर जळत असते.

मास्तर म्हणाले, "म्हणजे पाण्याबरोबर आपोआप जात नाही?"

"आपोआप गेलं तर आत-बाहेर सारखं होऊन थांबलं पाहिजे. हे थांबत नाही. तू धामणगावचा ना? मग असं समज. कोठीत धान्य खच्चून भरलंय, बाहेर ओट्यावर मूठभर सांडलंय. आपोआप काय होईल? कोठीतलं बाहेर घरंगळेल. पण इथं ओट्यावरचं मूठभर धान्य उचलून कोणीतरी त्या भरल्या कोठीत कोंबतंय. पेशीभोवती पडदा असतो, तोच कोठीचा दरवाजा. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे विजेचा भार असलेले कण होतात, आयन म्हणतात त्यांना. ते त्या पडद्यातून आत ओढून न्यायला हमाल लागतो. हमालाला भाकर लागते, आणि भाकर जाळायला हवा लागते."

"आणि हमाल कोण?"

"तो अजून कोणाला सापडलेला नाही. पण तो श्वास घेतो, एवढं नक्की. हवा कोंडली की हमाल बसला. मग बाहेर क्षारांचा ढीग घातलास तरी झाड उपाशी."

मास्तरांचा चहा तसाच राहिला. भगवंत गेल्यावर दुर्गाबाईंनी कप उचलला, त्यावर साय धरली होती.

मास्तरांनी प्रयोग केला. भगवंतानं सांगितलेलं खोटं निघावं अशी आशा मनात होती, हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हींत सारखंच पाणी, सारखाच चिमूटभर सोरा, बुचाला भोकं पाडून बसवलेली गव्हाची सारखीच रोपं. एका बरणीत नळी सोडून ते सायकलच्या पंपानं दर तासाला हवा भरायचे. दुसरीच्या पाण्यावर त्यांनी तेलाचा पातळ थर दिला, म्हणजे हवा लागायची नाही. शाळेत पोरं म्हणू लागली, सर गव्हाच्या चाकात हवा भरतात.

बाराव्या दिवशी तेलाखालची रोपं पिवळी होऊन लवली होती. हवेची हिरवीगार होती. मास्तरांनी दोन्ही बरण्यांतलं पाणी तपासलं. सोऱ्यातलं नायट्रेट असलं की हिराकस आणि गंधकाम्ल घातल्यावर तपकिरी कडं धरतं. हवेच्या बरणीतल्या पाण्यात कडं जेमतेम दिसलं, आणि त्यांतल्याच काही रोपांची मुळं धुऊन, ठेचून काढलेल्या रसात गडद धरलं. बाहेर थोडं, आत भरपूर. तेलाखालच्या बरणीत सोरा बाहेरच्या पाण्यात तसाच पडून होता आणि रोपं त्यात पाय बुडवून उपाशी मेली होती. मास्तरांनी बूच उचललं. आंबूस वास आला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुर्गाबाईंना त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. फळ्यावरचं नाक, फोडलेले काठ, 'मरू शकतं', सगळं.

दुर्गाबाई म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं."

"मुळांचं नव्हतं कळलं."

"मुळांचं नाही म्हणत मी."

पुढच्या रविवारी मास्तर बडनेऱ्याला गाडी पकडून अकोल्याला गेले. मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरले आणि विचारत विचारत जमुनाच्या घरी पोचले. पार्बताबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं त्यांना ओळखलं, जमुनाला पाणी आणायला सांगितलं आणि हात न थांबवता म्हणाली, "बसा मास्तर. घरची मंडळी बरी हाये ना?"

मास्तर बसले. येताना गाडीत त्यांनी वाक्यं जुळवली होती. ती सगळी जुळवाजुळव तिथं कामाला आली नाही. झाडं माझ्यामुळे मेली, तुमचं खरं होतं, मुळं श्वास घेतात आणि त्या श्वासाच्या जोरावरच क्षार आत ओढतात, मी ते करून पाहिलं, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"करून पाहिलं?" तिनं विचारलं.

"हो. बरणीत."

"बरं केलं." तिनं जुडीला गाठ मारली. "पन झाडं पान्यानं मेली, हे मले मालूम होतं."

"मग तेव्हा बोलल्या का नाहीत? हेडमास्तरांना सांगायचं होतं."

"काय सांगतलं असतं? तुमी फळ्यावर नाक काढलं होतं, मास्तर. नाकवालीचं कोन ऐकते?"

जमुनानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मास्तरांनी तो तसाच हातात धरला.

"हेडमास्तरले सांगतलं हे?" पार्बताबाईनं विचारलं.

"नाही अजून."

"पोराइले?"

"नाही."

"मंग इथं कायले आले? मले तं मालूमच होतं."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. भाजीवाल्यानं चुकीच्या दारात टोपली उतरवली तर सांगावं, त्या सुरात सांगितलं. तीन वर्षं मनात घोळवून, तिकीट काढून, नदी ओलांडून ते तिथं पोचले होते, जिथं कबूल करायला सर्वांत कमी धैर्य लागतं.

सोमवारी ते खुशालरावांकडे गेले. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "अहो, झाडंच ना ती? झालं गेलं. सर्व्हिस बुकात मी काय लिहू तुमच्या? सोडून द्या."

"तिला काढलं, साहेब."

"ते मी काढलं. तुम्ही काय बोललात? मरू शकतं म्हणालात."

"तेच," मास्तर म्हणाले. "शनिवारी सगळ्या शाळेसमोर बोलायची परवानगी द्या."

खुशालरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "द्या तुमचं व्याख्यान. पण माझं नाव त्यात नको."

शनिवारी मास्तरांनी दोन्ही बरण्या पटांगणात टेबलावर मांडल्या. सकाळी प्रार्थनेनंतरची वेळ होती, ऊन कोवळं होतं. पिवळी रोपं कोणती, हिरवी कोणती, हे सगळ्यांना लांबूनही दिसत होतं. त्यांनी कडं धरून दाखवलं, कोठीचा आणि हमालाचा दाखला दिला. मग फळा मागवला आणि त्यावर एक मूळ काढलं. तेव्हा सातवीत असताना पार्बताबाईला नाकवाली म्हणणारी पोरं आता मॅट्रिकला होती. त्यांच्यातून हसू उमटलं, कारण त्यांना वाटलं आता नाक येणार. मास्तर थांबले. "तेव्हा तुम्ही हसलात ते माझ्यामुळे," ते म्हणाले. "या शाळेत हे एकाच व्यक्तीला माहीत होतं. त्या म्हणजे पार्बताबाई. तेरा झाडं मी मारली. आळी मी भरली, सल्फेट मी घातलं. दोष त्यांच्यावर गेला आणि मी गप्प बसलो, कारण मला कायम व्हायचं होतं, आणि झाल्यावर ते गमवायचं नव्हतं."

कोणी हसलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "सर, मग तुम्हाला काय शिक्षा झाली?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं.

खुशालरावांनी महिन्याभरानं पार्बताबाईला पत्र धाडलं, जागा रिकामी आहे, यावं. मजकूर मास्तरांनी लिहिला होता, सही हेडमास्तरांची. उत्तर जमुनाच्या नवऱ्यानं लिहिलं. सासूबाईंना निरोप पोचला, त्या म्हणतात की आता इथंच बरं आहे, अमरावतीला परत यायचं नाही. मास्तरांसाठी वेगळं काही नव्हतं. त्यांनी पत्र उलटून मागची बाजूही पाहिली.

मास्तर पुढं तिथंच शिकवत राहिले. मुळांचा धडा आला की ते बरण्या मांडत, आणि बरण्या कुणामुळे मांडाव्या लागल्या ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. सवयीनं ते सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

पार्बताबाई आता साठीच्या पुढं आहे. मोर्णेच्या काठी जावयाची तीन वाफ्यांची वाडी आहे, ती तीच पाहते, आणि बुधवार सोडून रोज सकाळी जुन्या शहरातल्या बाजारात मेथी-पालक विकायला बसते.